पाच शेंगदाणे, पंचाण्णव ग्रॅमचा जीव

आमच्या घरच्या कॉकाटीलचं, म्हणजे छोट्या परदेशी पोपटाचं, पहिलं वजन सोनाराच्या दुकानात झालं. भाची नोकरीसाठी पुण्याला गेली आणि हा पक्षी पिंजऱ्यासकट आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी आला. करडं अंग, पिवळं डोकं, गालावर कुंकवाचं बोट टेकवावं तसा नारिंगी ठिपका आणि डोक्यावर उभा तुरा, म्हणून नाव तुऱ्या. आई मात्र त्याला मिठूच म्हणते. तिच्या लेखी चोच वाकडी असलेलं जे काही असेल ते मिठू.

आठ-नऊ महिन्यांत तो चांगला गुबगुबीत झाला. एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर उडी मारायच्या आधी जरा थांबायचा. खोलीत मोकळा सोडला तर दारापासून खिडकीपर्यंत जायचा आणि तिथे बसून चोच उघडी टाकून धापा टाकायचा. आई खूश. "आला तवा काडी होता, आता कसं अंग धरलं त्यानं." मला मात्र ती धाप खटकली. गावातल्या किराणा दुकानाचा काटा पाच-पाच ग्रॅमनी सरकतो, तो कामाचा नव्हता. म्हणून भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घालून त्याला सोनाराकडे नेलं. डब्याचं वजन वजा करून काट्यावर आकडा आला ११८ ग्रॅम. सोनार म्हणाला, "पावणेबारा तोळे भरला की भाऊ! सोन्याचा असता तं आज तुम्ही दुकान घेतलं असतं माझं."

कॉकाटीलचं वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम असतं, मोठ्या चणीचा असेल तर थोडं वर. नंतर डॉक्टरांनी त्याच्या हाडापेरावरून अंदाज दिला की याला ९५ च्या आसपास शोभेल. म्हणजे अंगावर तेवीस ग्रॅम जास्तीचे. तेवीस ग्रॅम म्हणजे काय, तर साठ किलोच्या माणसाचं वजन पंच्याहत्तर व्हावं तसं. त्यात हा गडी उडणारा. पंधरा किलोचं पोतं पाठीवर घेऊन माडीचा जिना चढून पाहा, मग ती धाप कळेल.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण आपल्याकडे "पोपट पाळला" म्हटलं की ओसरीवर टांगलेला हिरवा राघूच डोळ्यांपुढे येतो. तो पाळणं गुन्हा आहे. आपल्या रानातले सगळे पोपट, गळ्यात कंठ असलेला राघू काय आणि डोंगरी मोठा पोपट काय, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली येतात. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर तर त्यांचं संरक्षण आणखी कडक झालंय. "आमच्या आजोबापासून आहे" हे कारण चालत नाही. असा पक्षी घरात असेल तर त्याचं वजन हा प्रश्नच नाही, पिंजरा हाच प्रश्न आहे. पण घाईघाईनं दार उघडून त्याला उडवूनही देऊ नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्याला स्वतःचं पोट भरता येत नाही आणि मांजर तर टपलेलंच असतं. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. नागपुरात सेमिनरी हिल्सला त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे अशा पक्ष्यांवर उपचार होतात. या लेखात जे आहे ते कॉकाटील, बजरीगर, लव्हबर्ड अशा परदेशी पण आता इथेच पैदास होणाऱ्या पक्ष्यांबद्दल.

नावाचाही एक घोळ आहे आणि तो थेट वजनाशी येऊन भिडतो. आपल्या आठवडी बाजारात, जत्रेत पिवळे-निळे-हिरवे छोटे पक्षी "लव्हबर्ड" म्हणून विकतात. ते बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतात, बजरीगर असतात. साधा बजरीगर तीस ते चाळीस ग्रॅमचा. खरा लव्हबर्ड आखूड शेपटीचा, जाड चोचीचा, पन्नास ग्रॅमच्या आसपास. आता समजा तुम्ही मोबाईलवर "लव्हबर्डचं वजन किती" असं शोधलं, उत्तर पन्नास आलं, आणि घरच्याला तोललं तर पस्तीस भरला. तुम्ही म्हणणार, बिचारा वाळला, चारा त्याला! आमच्या शेजारच्या गल्लीत नेमकं हेच झालं. धडधाकट बजरीगरला "अशक्त" ठरवून दोन महिने भिजवलेले बदाम चारले. तेव्हा तुमच्याकडे नेमका कोणता पक्षी आहे ते आधी ठरवा, आकडा मग पाहा.

डोळा का फसतो, हेही समजून घ्यायला हवं. पक्ष्याचं अंग दिसत नाही, दिसतात पिसं. आणि गंमत अशी की आजारी, वाळलेला पक्षी ऊब धरायला पिसं फुलवून बसतो, त्यामुळे तो उलट गोल दिसतो. ज्याला आपण "मस्त गोलमटोल" म्हणतो तो उपाशी असू शकतो. शिवाय पक्षी आजार लपवतात. थव्यात जो लंगडा दिसतो त्याच्यावर ससाणा आधी झडप घालतो, म्हणून शेवटपर्यंत बरं असल्याचं सोंग करायचं हे त्यांच्या रक्तातच आहे. अंगाची भाषा लपवता येते, वजन नाही लपवता येत.

वजनाच्या आधी हाताची परीक्षा. पक्ष्याच्या छातीच्या मधोमध उभं हाड असतं, उलट्या होडीच्या कण्यासारखं. त्याच्या दोन्ही बाजूंना उडण्याचे स्नायू. बोटाचं टोक हलक्या हातानं आडवं फिरवायचं. हाड विळ्याच्या धारेसारखं लागलं आणि बाजूला खळगे असले तर पक्षी वाळलाय. हाड बोटाला जाणवतं पण टोचत नाही, बाजूचं मांस हलकी उतार असलेल्या टेकडीसारखं आहे, तर उत्तम. हाड शोधावं लागलं, किंवा दोन्हीकडची चरबी वर येऊन मधे घडी पडली, तर जाड. पोटावरची पिसं ओल्या बोटानं बाजूला केली की कातडीखाली पिवळसर चरबी दिसते, ती तुऱ्याची मी पाहिली. लोणी लावल्यासारखी होती. एकच सांभाळा: छाती दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखा पोटाचा पडदा नसतो, छातीचा पिंजरा खालीवर झाला तरच श्वास आत जातो. मायेनं मुठीत घट्ट धरलेला पक्षी गुदमरून मरतो.

मग काटा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा कॉकाटीलला पुरतो. बजरीगरला दशांश दाखवणारा मिळाला तर बरं, कारण त्याचा एक ग्रॅम म्हणजे अंगाचा तिसेक भागांतला एक. काट्यावर छोटी टोपली ठेवायची, शून्य करायचं, पक्ष्याला तिच्यात उतरू द्यायचं. तोलायची वेळ रोज एकच: सकाळी उठल्यावर पहिली शीट टाकली की, आणि दाणा घालायच्या आधी. गळ्याखालच्या पिशवीत रात्रीचं काही उरलेलं नसतं, पोट मोकळं असतं, म्हणून तोच खरा आकडा. दुपारी, संध्याकाळी तोललं तर दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे होणारच, त्यावरून घाबरायचं नाही. आठवडाभर आईचा एकच धोशा होता: "कायले तोलतं रे त्याले रोज रोज? नजर लागन ना!" शेवटी तिनेच पिंजऱ्याच्या कडीला काळा दोरा बांधला. तुऱ्यानं दुसऱ्या दिवशी कुरतडून टाकला.

आता खरा मुद्दा. तुऱ्याच्या वाटीत मी बाजारातलं मिश्रण घालत होतो: राळा, बाजरी, कॅनरी गवताचं बारीक बी, सूर्यफूल, करडई. पाकिटावर सगळं छान छान लिहिलेलं. एका सकाळी पंधरा ग्रॅम मोजून घातलं, संध्याकाळी वाटी काढली आणि आईच्या सुपात पाखडली. फोलपटं उडाली आणि खाली राहिला तो सगळा राळा, बाजरी आणि कॅनरीचं बी. सूर्यफुलाचा एक दाणा शिल्लक नव्हता. करडईही साफ. म्हणजे मी पाच धान्यं वाढत होतो आणि तो दोनच जेवत होता. आपल्याकडचं पोरगं चिवड्यातले शेंगदाणे आणि खोबरं तेवढं वेचून खातं, तोच प्रकार.

त्यातली मेख अशी. आपल्या भागात हे समजवायला सोपं आहे: जे घाणीवर जातं ते तेल, जे चक्कीवर जातं ते धान्य. सूर्यफूल, करडई, शेंगदाणा, तीळ, जवस हे घाणीवर जाणारे. शेंगदाण्यात आणि सोललेल्या सूर्यफुलात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. ज्वारी, बाजरी, राळा चक्कीवर जाणारे. त्यांत तेल शंभरात तीन ते पाच. रानातल्या पक्ष्याला तेलाचा दाणा म्हणजे घबाड, तो आधी उचलायचा हे त्याच्या जातीला हजारो पिढ्या शिकवलं गेलंय. ऑस्ट्रेलियात कॉकाटीलचे थवे ज्वारीच्या आणि सूर्यफुलाच्या शेतांवर उतरतात आणि तिथले शेतकरी वैतागतात, अगदी आपल्या राखणदारांनी राघूंना शिव्या घालाव्या तसे. पण तो पक्षी दाण्यापाण्यासाठी दिवसभर उडत असतो, आलेलं तेल पंखांत जळतं. आमच्या तुऱ्याची रोजची मजल पाळण्यापासून वाटीपर्यंत, दीड फूट.

आणि वाटीच्या बाहेरचा हिशेब तर वेगळाच. मी पाटीवर लिहून काढला. आई सकाळ-संध्याकाळ मिळून पाच शेंगदाणे देते. बाबा चहातलं बिस्कीट मोडून देतात. पोरं शेव, मुरमुरे, पोळीचा तुकडा. प्रत्येकाला वाटतं आपण एवढंसंच दिलं. आता ढोबळ गणित: पिंजऱ्यातल्या पंचाण्णव ग्रॅमच्या कॉकाटीलला दिवसभराला वीस ते पंचवीस किलोकॅलरी पुरतात. पाच शेंगदाणे म्हणजे साधारण तीन ग्रॅम, त्यातून मिळतात सतरा. सतरा! म्हणजे दिवसाच्या जेवणाचा निम्म्याहून मोठा हिस्सा आईच्या चिमटीतूनच गेला, वाटी त्यानंतर. "खाऊ दे ना गा त्याले, मुका जीव आहे," हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण मुका जीव "पुरे" म्हणत नाही हाच तर घोळ आहे. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करून वाढायची रीत. तो निदान पानावर आडवा हात धरतो.

चरबीचं पुढे काय होतं, ते डॉक्टरांनी तुऱ्याची चोच दाखवून समजावलं. जास्तीचं तेल यकृतात साठतं, यकृत सुजतं आणि त्याची कामं मागे पडतात. मग चोच वेडीवाकडी वाढते, चोचीवर, नखांवर काळपट डाग येतात, कारण रक्त गोठायला लागणारे पदार्थ यकृतच बनवतं. "चोच वाढली, नेलकटरनं कापून घेतो" असं करणारे पाहिलेत मी. चोचीत रक्तवाहिनी असते, आणि मूळ दुखणं आत असतं. बजरीगरच्या छातीवर, पोटावर चरबीच्या गाठी येतात. मोठ्या पोपटांच्या आणि कॉकाटीलच्याही धमन्या माणसासारख्या कडक होतात. वर नुसत्या बियांवर जगणाऱ्याला अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मिळत नाही. नाकातोंडाचं आतलं अस्तर जाड होऊन वारंवार सर्दी, मादी असेल तर मऊ कवचाची अंडी आणि ती अडकणं. जाड पक्षी म्हणजे भरल्या घरात कुपोषित पक्षी, हे मला तोपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं.

डॉक्टरांचं सांगायचं तर, तालुक्याच्या दवाखान्यात गाय, बैल, बकरी येतात. तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की पोपटात माझा हात बसलेला नाही, नागपूरला न्या. १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे. पश्चिम विदर्भातल्यांना अकोल्याची पशुवैद्यक संस्था जवळ पडते. प्रवासात पिंजऱ्यावर ओलसर सुती कापड अर्धवट टाका आणि एसटीत खिडकीची झळ लागू देऊ नका.

कमी कसं केलं

पहिला नियम, उपाशी ठेवायचं नाही. माणूस एकादशी करतो, पक्ष्याला ती झेपत नाही. एवढ्याशा अंगाची भट्टी फार वेगानं पेटलेली असते. चरबी चढलेल्या पक्ष्याचं खाणं एकदम तोडलं तर अंगातली चरबी यकृतावर लोटते आणि जाड पक्षी उपासानंच दगावतो. ठरलं ते असं: आठवड्याला एक, फार तर दीड ग्रॅम. त्यापेक्षा घाई नाही.

सूर्यफूल आणि करडई वाटीतून काढली, पण घरातून नाही. दिवसाला सूर्यफुलाचे चार दाणे, तेही फक्त हातावर आला, टोपलीत शहाण्यासारखा बसला तर. तेलाचा दाणा बक्षीस झाला की त्याचं मोल वाढतं आणि मोजमापही राहतं. वाटीत राळा, बाजरी, थोडी ज्वारी, त्यात पेलेट. पेलेट म्हणजे धान्य, डाळी, जीवनसत्त्वं एकत्र करून दाबलेल्या गोळ्या; त्यात वेचून खायला वाव नाही, हाच त्यांचा मोठा गुण. पक्ष्यांचे डॉक्टर बहुतेक याच सुचवतात. आमच्यासाठी त्या पार्सलनं आल्या आणि तुऱ्यानं पहिले दहा दिवस त्यांच्याकडे खड्यांकडे पाहावं तसं पाहिलं. बियांवर वाढलेल्या पक्ष्याला ते अन्न आहे हेच ओळखू येत नाही. मी दोन-चार गोळ्या कुटून राळ्यावर भुरभुरायचो आणि त्याच्यासमोर बसून खाण्याचं नाटक करायचो. धाकटी म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच खाल्लं." खाल्लं. पिठूळ लागतं. दीड महिन्यानं त्यानं पहिली गोळी स्वतःहून फोडली. या सगळ्या काळात वजन रोज तोलायचं, कारण नवं खात नाही आणि जुनं काढून घेतलंय, अशा फटीत पक्षी सापडतो.

माझं मत विचाराल तर, ज्याला पेलेट परवडत नाहीत किंवा मिळत नाहीत त्यानं खंतावू नये. घाणीचे दाणे मोजून, चक्कीचे दाणे बेतात आणि रोज हिरवं, एवढं सांभाळलं तरी पक्षी नुसत्या सूर्यफुलावरच्या पक्ष्यापेक्षा कितीतरी बरा राहतो. दोन-तीन पाकिटं उन्हाळ्यात खवट करून घालण्यापेक्षा ते चांगलं.

हिरव्यात आपला भाग श्रीमंत आहे. शेवग्याची पानं, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, गाजर, पिवळंधमक कोहळं म्हणजे लाल भोपळा. शेवगा, गाजर आणि कोहळं म्हणजे ज्या अ जीवनसत्त्वाची ओढ आहे त्याचीच खाण. पालक कधीमधी, रोज नको, तो कॅल्शियम अडवून धरतो. मिरची खुशाल द्या. तिखट जाणवायची सोयच पक्ष्याच्या तोंडात नसते. आमच्याकडे पाहुणे आले की मी मुद्दाम तुऱ्याला भिवापुरी देतो, आणि तो बिया वेचून शांतपणे खातो तेव्हा त्यांचीच नाकं वाहतात. पेरू, पपई चाखण्यापुरती. मोड आलेले मूग चांगले, पण धुऊन, आणि मे महिन्यात दोन तासांत उरलेले उचलून टाका. आपल्या पंचेचाळीस अंशांत ते आंबायला वेळ लागत नाही. कच्चे सोयाबीन, राजमा नाही. चहा, कॉफी, चॉकलेट, मीठ, कांदा, लसूण, ॲव्होकॅडो अजिबात नाही. सफरचंदाच्या आणि सीताफळाच्या बिया नाहीत. पावसाळ्यात बुरशीचा वास येणारे शेंगदाणे तर कुणालाच देऊ नका, त्या बुरशीचं विष थेट यकृताला धरतं.

भाजी मात्र शेतातून उपटून सरळ पिंजऱ्यात टाकू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. धडधाकट माणसाचं तसं होतं, तिथे पंचाण्णव ग्रॅमच्या जीवाचं काय. बांधावरची हिरवळ कितीही लुसलुशीत दिसो, शेजारच्या कपाशीवरचा फवारा वाऱ्यानं कुठे गेला ते तिला विचारता येत नाही. परसातला शेवगा आणि कुंडीतला सांबार सगळ्यात भरवशाचा.

दुकानात मिळणारी रेतीची पुडी घेऊ नका. कोंबडी दाणा आख्खा गिळते, तिला खडे लागतात. पोपट दाणा सोलून खातो, त्याला गरज नाही. समुद्रफेसाची वडी मात्र टांगा, कॅल्शियमसाठी.

बाकी अर्धं काम पंखांचं. पंख छाटलेला पक्षी जाड होणारच, त्यामुळे मी छाटत नाही. पहाटे साडेपाचला पंखा बंद, कुलर बंद, दारं लावलेली, आरशावर टॉवेल, आणि अर्धा तास उड्डाण. पंखा बंद करणं विसरायचं नाही, चालू पंख्यानं गेलेले पक्षी पुष्कळ. सुरुवातीला तुऱ्या दोन फेऱ्यांत थकायचा. मी एक दांडी कपाटावर बांधली, एक खिडकीवर, आणि बक्षिसाचा दाणा आलटून पालटून दोन्हीकडे.

आणि जेवण शोधायला लावा. रानात पक्ष्याचा अर्धा दिवस दाणा हुडकण्यात जातो, आपण तो वाटीत दोन मिनिटांत आटपवतो आणि उरलेला दिवस तो कंटाळून पुन्हा खातो. हुरड्याच्या दिवसांत मी ज्वारीचं अख्खं कणीस पिंजऱ्याच्या छताला टांगलं. उलटा लोंबकळून, एकेक दाणा सोलत, चीक तोंडाला लावून घेत त्यानं त्यावर सकाळचे तीन तास घालवले. पळसाच्या पानात दाणे बांधून दिले तर आधी पानाच्या चिंध्या होतात, मग जेवण. खेळणी विकत घ्यायची गरज आम्हाला पडली नाही.

दिवाळीला ११८ होता. संक्रांतीला १०९. मधे पिसं बदलताना आकडा पंधरा दिवस जागचा हलला नाही. नवी पिसं उगवायला खाणं जास्त लागतं, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी काटछाट थांबवली आणि उकडलेल्या अंड्याचा कण दिला. पाडव्याला ९९.

वजन घटत असेल तर

इथे सगळं उलटं. जाड पक्ष्याकडे चार-सहा महिने असतात, वाळत चाललेल्याकडे चार-सहा दिवस. न ठरवता वजन दहा टक्क्यांनी उतरलं, म्हणजे पंचाण्णवचा पंच्याऐंशीवर आला, तर घरचे उपाय बंद, डॉक्टर गाठा. एक अख्खा दिवस काही खाल्लं नाही तर तोलत बसायचीही गरज नाही.

त्याआधी मात्र वाटीत फुंकर मारून पाहा. पोपट दाणा सोलून फोलपट वाटीतच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते, घरचे म्हणतात आज काही खाल्लंच नाही की यानं, आणि खाली एक दाणा नसतो. भरल्या वाटीपुढे उपाशी मेलेले पक्षी मी दोन ऐकलेत, दोन्ही घरं लग्नाला गेली होती आणि शेजाऱ्याला वाटी भरलेली दिसत होती.

एका पिंजऱ्यात चार-पाच बजरीगर असतील तर एक दांडगा वाटीवर बसून राहतो आणि दुबळा कडेला. वाट्या दोन ठेवा, लांब लांब. बजरीगर आरशातल्या स्वतःलाच जोडीदार समजून खाल्लेलं ओकून भरवत बसला तर आरसा काढा. सतत अंडी घालणारी मादी आतून पोखरते. तिच्या खोलीतला दिवा रात्री लवकर मालवा, पक्ष्याला तशीही दहा-बारा तास झोप लागते. पण भरपूर खातोय आणि तरी हाड वर येतंय, विष्ठेत सोललेले दाणे तसेच दिसतायत, तर ते पोटातलं दुखणं आहे, बुरशीजन्य किंवा जंताचं, आणि ते विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही. कोंबड्यांचं जंताचं औषध अंदाजानं पाजू नका. आणि पक्षी आजारी असताना घरात कुणाला ताप, खोकला आला तर आपल्या डॉक्टरांना पक्ष्याचंही सांगा. पोपटांचा सिटॅकोसिस नावाचा आजार माणसाला होतो.

उन्हाळ्याचं थोडं वेगळं. मे महिन्यात भूक आपलीही मरते, त्याचीही. तुऱ्या दोन ग्रॅमनं उतरला तर मी घाबरत नाही. पाणी दिवसातून तीनदा बदलतो, परातीत आंघोळीला देतो, दाणा पहाटे आणि दिवेलागणीला. टिनाच्या खोलीत दुपारी पिंजरा ठेवणं म्हणजे तव्यावर ठेवणं. कुलरच्या थेट झोतातही नको, बाजूला.

सध्या आठवड्यातून एकदाच तोलतो, रविवारी. ९४ ते ९९ हा आमचा पट्टा. आईनं शेंगदाणा सोडलेला नाही, पण आता तो आठवड्याला एक, आणि तोही अर्धा करून दोनदा. आकडा सलग दोन रविवार पट्ट्याबाहेर वर गेला की मी आधी वाटी पाखडतो, मग दांड्यांची जागा बदलतो, आणि मग घरातल्या माणसांची चौकशी करतो. बहुतेक वेळा माणसंच सापडतात. मागच्या खेपेला बाबा सापडले. बिस्कीट बंद आहे हे त्यांना मान्य होतं, त्यांनी टोस्ट सुरू केला होता.